श्रम आणि विद्या : सोलापूरच्या मानव्यविद्या शिक्षणातील कार्याधारित अध्ययनाची पूर्वपीठिका

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणास चार श्रेयांक देण्यात आले. अभियांत्रिकी वा वाणिज्य शाखेस असे प्रशिक्षण स्वाभाविक वाटते. इतिहास, भाषा, समाजशास्त्र या विषयांना मात्र ते उपरे मानले जाते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेत हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अध्ययन आणि नोकरी यांची सांगड घातली. १९२१ पासून अँटिऑक महाविद्यालयाने तीच पद्धती मानव्यविद्यांना लागू केली. महाराष्ट्रात या विचाराचे मूळ वेगळे होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्यातील वसतिगृहात विद्यार्थी स्वतः श्रम करीत. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाच्या द्वारे 'कमवा व शिका' ही योजना उच्च शिक्षणात रुजली. येथे श्रम हा शिक्षणाचा मोबदला होता. त्यामुळे निर्धन विद्यार्थ्यास कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागले नाही. तथापि, शेतातील वा बागेतील काम आणि वर्गातील विषय यांचा परस्परसंबंध अपवादानेच जुळला. १९३७ च्या वर्धा योजनेने तो उद्योगाच्या माध्यमातून जोडू पाहिला. पण तिचे क्षेत्र प्राथमिक शिक्षणाचे होते.

सोलापूरचा संदर्भ :
सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये व संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जिल्ह्यापुरते असल्याने परिसर हीच प्रयोगशाळा मानणे येथे शक्य आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी गिरणी', १९३० चा लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांच्या स्मृती या शहरात आहेत. गिरण्या बंद पडल्या. कामगारांच्या आठवणीही पिढीबरोबर लोपत आहेत. त्या टिपण्यासाठी मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू जाणणारे तरुण हवेत, आणि ते याच महाविद्यालयांत शिकतात. मोडी कागदपत्रांचे वाचन, दप्तरांची सूची, मौखिक इतिहासाचे संकलन व भाषांतर ही कामे इतिहासाच्या वा भाषेच्या विद्यार्थ्यास उपरी नाहीत; ती त्याच्या विषयाचाच विस्तार होत.

अडचण :
विडी वा यंत्रमाग व्यवसायावर गुजराण करणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थी अनेकदा आधीपासूनच कमावता असतो. विनामोबदला प्रशिक्षणासाठी त्याला रोजगार बुडवावा लागला, तर श्रेयांक त्याच्यावरील भार ठरेल आणि प्रमाणपत्र मिळवणे एवढाच उपचार उरेल. भाऊरावांच्या योजनेचा गाभा नेमका येथे विस्मरणात जाण्याचा धोका आहे.

निष्कर्ष :
'कमवा व शिका' योजनेत मोबदला होता, पण विषयाशी नाते क्षीण होते. नव्या रचनेत विषयाशी नाते जोडण्यास वाव आहे, पण मोबदल्याची हमी नाही. या दोहोंची सांगड घालणे हे सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहरातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते. प्राध्यापकांनी स्थानिक संस्थांशी बोलणी करताना विद्यार्थ्याने कोणते काम करावे याबरोबरच त्या कामाचे मोल कोण देणार, हाही प्रश्न विचारला पाहिजे.