झिबोल्डचा दगडांचा ढीग

क्रिमियातलं फिओदोसिया हे काळ्या समुद्राकाठचं जुनं बंदर. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीकांनी वसवलेलं. समोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि प्यायला मात्र टंचाई. १९०० च्या सुमारास फ्योदोर झिबोल्ड नावाचा वनाधिकारी तिथल्या टेपे-ओबा डोंगरावर काम करत होता. त्याला तिथे दगडांचे तेरा मोठे ढीग दिसले, आणि आसपास भाजलेल्या मातीच्या नळांचे तुकडे. त्याने दोन्हींची सांगड घातली. हे ढीग म्हणजे ग्रीकांची हवेतून पाणी काढायची यंत्रणा, दमट वारा दगडांच्या फटींत शिरून गार होतो, थेंब खाली झिरपतात आणि नळांनी गावातल्या कारंज्यांपर्यंत जातात!

मला हा माणूस आवडतो, कारण तो नुसता लेख लिहून थांबला नाही. डोंगरावर त्याने २० मीटर रुंदीचं बशीसारखं तळ बांधलं आणि त्यावर समुद्रकाठचे गोटे रचून ६ मीटर उंच ढीग उभा केला. १९१२ मध्ये त्यातून खरंच पाणी आलं. जास्तीत जास्त दिवसाला ३६० लिटर, असा आकडा सांगतात. मग तळाला गळती लागली आणि १९१५ मध्ये प्रयोग बंद पडला.

पुढे कळलं की ते प्राचीन ढीग म्हणजे थडगी होती. नळही ग्रीकांच्या काळातले नव्हते, बरेच नंतरचे होते. म्हणजे झिबोल्डने ज्या तंत्राची नक्कल केली, ते कधी अस्तित्वातच नव्हतं.

तोवर कल्पना मात्र युरोपभर पोचली होती. अशील क्नापेन या बेल्जियन इंजिनिअरने दक्षिण फ्रान्समधल्या त्रां-आं-प्रोव्हान्स गावात १९३०-३१ मध्ये १४ मीटर उंचीची ‘हवेची विहीर’ बांधली. भिंती अडीच-तीन मीटर जाड. आजही ती उभी आहे, एखाद्या अवाढव्य मधमाशांच्या पोळ्यासारखी. आणि पाणी? सगळ्यात चांगल्या रात्री बादलीभर.

घोटाळा जाडीतच होता. दव पडतं ते पृष्ठभाग रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा गार होतो म्हणून. जाड भिंत दिवसभराचं ऊन पोटात साठवते आणि पहाटेपर्यंत कोमटच राहते. म्हणून दव गवताच्या पात्यावर, गाडीच्या टपावर, पत्र्यावर आधी दिसतं. आपल्याकडे हरभऱ्याच्या शेतात रात्री स्वच्छ फडकं पसरून सकाळी पिळतात आणि ‘आंब’ काढतात, ते तंत्र क्नापेनच्या बुरुजापेक्षा भौतिकशास्त्राच्या जास्त जवळचं आहे! (आंब आंबट असते, तहानेला उपयोगी नाही, ते सोडा.)

झिबोल्डचा ढीग मग चालला कसा? दानिएल बेसां आणि इतर संशोधकांनी १९९० नंतर त्याचा नव्याने अभ्यास केला. त्यांच्या मते गोटे एकमेकांना अगदी थोड्या जागी टेकलेले होते, त्यामुळे वरच्या गोट्यांना खालची ऊब फारशी पोचत नव्हती आणि ते उघड्या आकाशाखाली गार होऊ शकत होते. आत वारा शिरण्याचा झिबोल्डचा सिद्धांत चुकला, रचना काही अंशी जमून गेली.

याची मर्यादाही आता ठाऊक आहे. कितीही चांगला पृष्ठभाग घेतला तरी एका रात्रीत चौरस मीटरमागे साधारण ०.८ लिटरच्या पुढे दव मिळत नाही. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. चार माणसांच्या घराचं नुसतं पिण्याचं पाणी म्हटलं, तरी मोठं छप्पर लागतं.

ते छप्पर कच्छमध्ये सापडलं. अहमदाबादच्या आयआयएममधले गिरजा शरण यांनी २००१ नंतर कोठारा भागात पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या उतरत्या छपरांवरून दव गोळा करायला सुरुवात केली. बेसां यांनीही त्यांच्याबरोबर काम केलं. किनाऱ्याजवळची दमट हवा, निरभ्र रात्री आणि तुटपुंजा, बेभरवशाचा पाऊस, असा तो मुलूख. पन्हळ आणि टाकी पावसाच्या पाण्यासाठी लागतेच, तीच दवालाही चालते. वीज लागत नाही.

मुंबईच्या काही स्थानकांवर २०२२ मध्ये बसवलेली ‘मेघदूत’ यंत्रंही हवेतूनच पाणी काढतात, पण त्यांची जातकुळी एसीची. हवा विजेवर गार करायची. बाटली भरून मिळते, वीजबिल भरणारा कुणीतरी असतो. कोठाऱ्यात पहाट व्हायची वाट बघावी लागते, आणि ढग आले तर त्या रात्री टाकीत जवळपास काहीच पडत नाही.