एका हरवलेल्या मूकपटाची आठवण



काही चित्रपट गर्दी खेचतात आणि गर्दी पांगली की तेही विस्मरणात जातात. उलट काही चित्रपट प्रेक्षकांवाचून लवकरच पडद्यावरून उतरतात. तथापि ज्या थोड्या लोकांनी ते पाहिलेले असतात त्यांच्या मनातून मात्र ते जाता जात नाहीत. अशाच एका चित्रपटाविषयी आज बोलावयाचे आहे. त्याचे नाव ‘सावकारी पाश’, साल १९२५, गाव कोल्हापूर. तो आज आपणांस दाखविता येणार नाही, कारण त्या मूकपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तुम्ही तो पाहिलेला नाही, मीही पाहिलेला नाही. तरीदेखील मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्या कोणाही माणसाला त्या नावापाशी थबकावेच लागते. असे का व्हावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम त्याच्या कर्त्याविषयी. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो. त्यांचा जन्म १८९० चा. घरात हत्यारांची आणि रंगांची सवय होती. आतेमामे-चुलत नात्यांचा घोळ बाजूला ठेवून एवढेच सांगतो, की बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव या दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना हलत्या चित्रांचे वेड लागले. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता, म्हणून कॅमेरा घरीच करावयाचा असा त्यांनी चंग बांधला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. अर्धवट राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पुरे केले. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ज्या गावात सुतार-लोहारांच्या हातांनी कॅमेरा तयार झाला, ते गाव आमच्या बेळगावाहून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. पण या गोष्टीचे आम्हा सीमेवरच्या लोकांनाही म्हणावे तितके अप्रूप नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की अधिकाऱ्यांनी तो भाग कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच काळात. त्यानंतर १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. त्याचा आधार हरि नारायण आपटे यांची कादंबरी. या चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये घेतली. लोकांनी या दोन्ही चित्रपटांना डोक्यावर घेतले. पुराण आणि इतिहास या दोन खांबांवर कंपनीचा मांडव भक्कम उभा होता. व्यवहारी माणसाने तिसऱ्या खांबाचा विचार केला नसता.

बाबूरावांनी तो केला. १९२५ मध्ये त्यांनी नारायण हरि आपटे यांची कथा घेतली. (हरि नारायण आणि नारायण हरि हे दोन निराळे आपटे होत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ही दोन नावे इतक्या वेळा एकमेकांच्या जागी बसलेली मी पाहिली आहेत, की येथे खुलासा केलेला बरा. ‘कुंकू’ची मूळ कथा लिहिणारे ते नारायण हरि.) कथानक दोन वाक्यांत सांगण्यासारखे आहे. एका तरुण शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते. मग तो गाव सोडून शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. देव नाही, राक्षस नाही, किल्ला नाही, तलवार नाही. त्या तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे नावाच्या मुलाने केले. पुढे सारा देश त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला; त्या वेळी त्याचे वय चोवीसच्या आतबाहेर होते. स्त्री-भूमिकेत कमलादेवी होत्या. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नसत, त्या दिवसांत या बाईंनी कंपनीत कामे केली, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.

आता हा विषय बाबूरावांना का सुचला असावा? त्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. शाळेच्या इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या मथळ्याखाली हे प्रकरण एका परिच्छेदात संपते आणि मुले तो परिच्छेद पाठ करून मोकळी होतात. परंतु त्यातली एक बाब मुलांना थांबवून सांगावी अशी आहे. या लोकांनी रक्तपात फारसा केला नाही. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे मागून घ्यावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, एवढाच त्यांचा मुख्य कार्यक्रम होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव कोसळला. सारा वाढलेला, पीक बेभरवशाचे, अशा स्थितीत शेतकरी सावकाराच्या दारी गेला. त्याने ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. न्यायालयाला मात्र तो कागद वाचता येत होता, आणि न्यायालय तेवढाच वाचीत असे.

या दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. रोख्यावरील आकड्यावर विसंबून न राहता मूळ व्यवहार काय झाला, मुद्दल किती, व्याज किती, हे पाहण्याचा अधिकार या कायद्याने न्यायाधीशाला दिला. कायदा चांगला होता. तथापि पाश सुटले नाहीत, त्यांच्या गाठी तेवढ्या बदलल्या. बाबूरावांचा चित्रपट या कायद्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी आला, आणि प्रेक्षागृहातील पहिल्या रांगेतल्या माणसाला सावकार कोण हे पाटी दाखवून समजावण्याची गरज नव्हती.

कदाचित म्हणूनच तो चालला नाही. चित्रपटाच्या इतिहासकारांचे याविषयी एकमत दिसते, की पुराणकथा आणि शौर्यकथा यांना सरावलेल्या प्रेक्षकांना हे कडू औषध पचले नाही. बाबूरावही पुन्हा जुन्या वाटेने गेले. मला या प्रेक्षकांना दोष देववत नाही. दिवसभर कर्जाच्या विवंचनेत असलेला माणूस चार पैसे देऊन संध्याकाळी पुन्हा आपलीच विवंचना पाहावयास का येईल? त्याला त्या अंधारात श्रीकृष्ण हवा असतो, आणि ती काही कमीपणाची गोष्ट नव्हे. समीक्षक मंडळी अशा वेळी प्रेक्षकांच्या अभिरुचीवर घसरतात. त्यांच्यापैकी कितीजण कोणाचे देणे लागत असतात, हे एकदा विचारून पाहिले पाहिजे.

परंतु ज्यांच्या मनात तो राहिला, त्यांच्या मनात काय राहिले? येथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ‘सावकारी पाश’चा विषय निघाला की एक दृश्य हमखास सांगितले जाते. रात्रीची वेळ आहे. दूर अंधारात एक दरिद्री झोपडी अंधूक दिसते आहे, आणि एक कुत्रे रडते आहे. बस, एवढेच. कुत्र्याचे रडणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यातील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. घरातील म्हातारी माणसे ते ऐकून उठून बसतात. त्या दृश्याचे सर्वांत मोठे चाहते होते जे. बी. एच. वाडिया. चाबूक हाती घेतलेल्या नादियाचा ‘हंटरवाली’ १९३५ मध्ये काढणारे हेच ते वाडिया. धावत्या आगगाडीवरील मारामाऱ्यांवर ज्यांनी पैसा मिळविला, त्या गृहस्थांना निश्चल झोपडीच्या आठवणीने समाधी लागावी, ही मला मोठी बोलकी गोष्ट वाटते.

पण मूकपटातील कुत्रे रडताना ऐकू कसे येईल? या ठिकाणी थोडी छाननी करणे भाग आहे. ‘सावकारी पाश’ बाबूरावांनी दोन वेळा काढला: १९२५ मध्ये मूकपट आणि १९३६ मध्ये बोलपट. हा बोलपट कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनचा. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या आणि देवासच्या राणीसाहेब आक्कासाहेब महाराज यांचा या संस्थेला आश्रय होता, एवढे आमच्या माळव्यातील श्रोत्यांसाठी मुद्दाम नमूद करतो. वाडियांची आठवण नीट पाहिली तर त्यांना मूकपट पुसट स्मरत होता. झोपडी आणि कुत्रे त्यांच्या मनात ठसले ते बोलपटातून. इतरत्र मात्र तेच दृश्य १९२५ च्या मूकपटाचे म्हणून सांगितलेले आढळते. ते दोन्हींत असेल, किंवा एकातले दुसऱ्यात गेले असेल. डोळ्यांनी पाहिलेल्या तोंड वर केलेल्या कुत्र्याला माणसाच्या मनाने मागाहून आवाज दिला असेल, तर तेही अशक्य नाही. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी एवढेच म्हणेन की दोन चित्रपटांची सरमिसळ करून पहिल्याला ‘भारतातील पहिला वास्तववादी चित्रपट’ असे बिरूद चिकटविण्याची जी घाई होते, ती बरी नव्हे. न पाहिलेल्या चित्रपटाची थोरवी गाताना जीभ जरा आवरलेली असावी.

मग विश्वास कशावर ठेवावयाचा? माझ्या मते, त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांच्या कामावर. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले होते. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटाविषयी बोलताना आपण विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आठवतो. पण त्यातले घर पाहा, आवलीचा संसार पाहा, ती भांडीकुंडी पाहा. ते दारिद्र्य नाटकी पडद्यावर रंगविलेले वाटत नाही. शांतारामांचा १९३९ चा ‘माणूस’ एका पोलीस शिपायाची आणि पतितेची गोष्ट सांगतो, आणि बेताच्या पगाराच्या त्या माणसाकडे सरळ नजरेने पाहतो. ज्याने चोविसाव्या वर्षी जमीन गमावलेला कुणबी होऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा अनुभव घेतला, त्याला ही नजर कोठे मिळाली असेल याचा तर्क करण्यास हरकत नाही. आणि १९५३ साली बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनी जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यास जाऊन रिक्षा ओढू लागले, तेव्हा सगळ्या देशाने डोळे पुसले. बिमल रॉय यांनी ‘सावकारी पाश’ पाहिला होता असा माझा दावा नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने तीच वाट अठ्ठावीस वर्षे आधी धरली होती आणि त्या वेळी त्याच्यामागे कोणी गेले नाही, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

विषय मात्र शिळा झालेला नाही. सावकारीला आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १९४६ मध्ये कायदा झाला. त्याच्या जागी महाराष्ट्रात २०१४ मध्ये नवा कायदा आला, आणि त्यात बेकायदा सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता ऋणकोला परत देण्याची तरतूद करावी लागली. १८७५, १८७९, १९२५, १९४६, २०१४. वर्गाच्या फळ्यावर ही साले एकाखाली एक लिहिली म्हणजे नववीतली मुलेही गप्प होतात. त्यांच्यापैकी काहींच्या घरी या विषयावर रात्री बोलणे चाललेले असते.

प्रत का उरली नाही, याचे उत्तर साधे आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती ठिणगीने पेटते, न पेटली तर वर्षानुवर्षे पडून कुजते, चिकट होते, शेवटी तिची पूड होते. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुन्या फिती भंगारवाल्याला विकल्या जात. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास भरते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, फाळक्यांच्या घरच्यांकडूनही तुकडे गोळा करून जे वाचविता आले ते वाचविले. मात्र ‘सावकारी पाश’ त्यांच्याही हाती लागला नाही.

आशा अगदीच सोडावी असेही नाही. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ हा मूकपट नष्ट झाला असे समजले जात होते. त्याचा काही भाग फ्रान्समधील संग्रहात सापडला आणि २०१६ मध्ये त्याची प्रतिलिपी पुण्यास आली. चित्रपट त्या काळी मुंबई-पुण्यापुरते राहत नसत. पेट्या गावोगाव जात आणि कित्येकदा परत येत नसत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या गावांतून जुनी चित्रपटगृहे पाडली जात आहेत, माळे साफ होत आहेत. पत्र्याचे गोल डबे सापडले तर ते घरात उघडू नयेत, उन्हात ठेवू नयेत, दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नयेत. पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. आणि डब्यावरील मराठी नाव पुसले गेले असेल तर इंग्रजी नावाकडे लक्ष असू द्यावे. ‘सावकारी पाश’ला दुसरे नाव होते, ‘दि इंडियन शायलॉक’.