मेंबरांचं जेवण

काशीदच्या समुद्राला किंवा कोलाडच्या राफ्टिंगला निघालेली मुंबईची मंडळी रोह्यात गाडी थांबवून हमखास विचारतात, "काका, स्वस्तात आणि चांगलं जेवण कुठे मिळेल?" मी त्यांना हायवेवरच्या झगमगीत पाट्यांकडे पाठवत नाही. कचेरी, कोर्ट, एसटी स्टँड, एमआयडीसी यांतलं काहीतरी जवळ असेल तिकडे पाठवतो. पेण काय, रोहा काय, इथलं स्वस्त जेवण पाहुण्यासाठी कधी शिजलंच नाही. ते शिजलं गावात एकट्या आलेल्या नोकरदारासाठी. आमच्या आईनं अशी खानावळ चालवली, म्हणून ठासून सांगतो.

त्याआधी इकडे पैसे मोजून बाहेर जेवायची रीतच नव्हती. पेणच्या खारेपाटात मिठागरावर राबणारा माणूस तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट फडक्यात बांधून नेई. कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी पाहुण्याकडे उतरे. खानावळ आमच्या लोकांनी पाहिली ती मुंबईत. रोहा-माणगावकडचे पुरुष गिरण्यांत लागले, एकेका गाळ्यात दाटीवाटीनं राहिले आणि लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवले. त्याच बायकांना प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढे वारं फिरलं. सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका वाढल्या तशी घाटावरची नि विदर्भातली माणसं बदलीवर आमच्याकडे यायला लागली आणि आता जेवू घालायची पाळी आमची आली.

जुन्या बाजारपेठांतून 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या असत. आत कुणी बसायचं हे गल्ल्यावरचा माणूस ठरवी. दलित गिऱ्हाइकाला चहा मिळाला तरी कप वेगळा. मार्च १९२७ मध्ये याच, तेव्हा कुलाबा म्हणवणाऱ्या जिल्ह्यात, महाडला, डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात तळी-विहिरींसोबत दुकानं आणि उपाहारगृहंही नाव घेऊन लिहिली आहेत, ती उगाच नाहीत. आमच्या घरीसुद्धा सुरुवातीला मेंबर, म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणारं गिऱ्हाईक, घेताना आडनाव विचारलं जाई. धाटावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची माणसं यायला लागली तेव्हा ते मागे पडलं. पाळी सुटल्यावर भुकेलेली माणसं दारात उभी असताना आडनावं कोण विचारत बसणार?

आईचा सगळा व्यवहार एका लांबट वहीत असे. प्रत्येक मेंबराच्या नावापुढे महिन्याची घरं आखलेली. जेवला तर टिंब, नाही जेवला तर फुली. ही फुली म्हणजे खाडा. सकाळी आठच्या आत सांगितलं तरच खाडा धरायचा, कारण आठला तांदूळ धुतले जात. महिन्याअखेरी खाड्यांवरून कुरबुर ठरलेली. "काकू, मी गावी गेलो होतो हो!" "मग सांगून का नाही गेलास?" ताटात भात, आमटी, भाजी, भाकरी किंवा पोळ्या आणि पेणचा पोह्याचा पापड. बुधवारी सुकट-वांगं किंवा बोंबलाचं कालवण, रविवारी कोंबडी, श्रावणात सगळं बंद.

पण तिची खरी ओळख म्हणजे वालाचं बिरडं. भात कापला की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, वेगळं पाणी लागत नाही, म्हणून तेव्हा हे सर्वांत परवडणारं कडधान्य. महाग होती ती मेहनत. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. साल निघते, पण घाई केली की डाळिंबी मोडते. दुपारी आमच्या ओटीवर शेजारणी सोलायला बसत. त्यांना पैसे मिळत नसत, वाटीभर बिरडं मिळे. मेंबरांचं ताट स्वस्त पडे त्यातला मोठा वाटा या फुकटच्या हातांचा होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. आता सोलणाऱ्या बाईला मजुरी द्यावी लागते आणि बिरडं रिसॉर्टच्या मेनूवर 'स्पेशल' म्हणून झळकतं. मला त्यात वावगं वाटत नाही. ते आधीच महाग असायला हवं होतं.

१९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. मग कोकण रेल्वेचं काम निघालं आणि १९९३ मध्ये रोहा-वीर हा तिचा उत्तरेकडचा पहिला तुकडा सुरू झाला. त्या कामावरून आमच्याकडे जेवायला येणाऱ्या माणसांना भात तीनदा लागे नि आमटीत तिखट कमी पडे. आईनं लाल मिरचीची वाटी वेगळी ठेवायला सुरुवात केली, पण आमटी बदलली नाही.

पेणचा हंगाम निराळा. गणपतीच्या आधी मूर्ती न्यायला आलेले व्यापारी आणि टेम्पोवाले माल भरून होईपर्यंत अडकून पडतात. त्यांना साग्रसंगीत ताट नको, उभ्या उभ्या मिसळ नाहीतर वडापाव हवा.

सरकारनंही स्वस्त जेवणात हात घालून पाहिला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली; पुढे अनुदान आटलं, टपऱ्या उरल्या आणि त्यांत झुणका सोडून सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात.

स्वस्त जेवण कामकऱ्यासाठी शिजणं हे काही आपल्याकडचंच नाही. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर मळ्यांत मजुरीला नेलेल्या हिंदुस्थानी लोकांच्या वंशजांनी १९३०च्या दशकात 'डबल्स' विकायला काढले: तळलेल्या दोन मऊ पुऱ्यांत छोले. आज पर्यटकही त्यासाठी रांग लावतात, पण त्या रांगेत पुढे उभा असतो कामावर निघालेला माणूस.

तेव्हा रोह्यात जेवायचंच असेल तर साडेबाराच्या आत पोचा. एकला कचेऱ्यांची सुट्टी झाली की जागा मिळत नाही. राफ्टिंगवाल्यांना ते सहज जमतं, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून राफ्टिंगच्या कुंडलिका नदीत पाणी सुटतं ते सकाळी. बिरडं आहे का, हे बसण्याआधी विचारा. आणि रविवारी येऊ नका. हल्ली मेंबर गावी गेलेले असतात, चूल निम्मीच पेटते.