रोपवाटिकेतून शेतात : नौगावचा गांजा आणि १८९३ चा आयोग

१/ ३ ऑगस्ट १८९३. कलकत्त्यात सात सदस्यांच्या एका आयोगाची पहिली बैठक भरली. चार इंग्रज, तीन हिंदी. हिंदुस्थानात गांजा, भांग आणि चरस यांवर बंदी घालावी की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. उत्तर बंगालमधील नौगावच्या आसपास ऑगस्ट हाच गांजाचे बी पेरण्याचा महिना. एकीकडे पिकाच्या भवितव्याची चौकशी सुरू झाली, तर दुसरीकडे त्याच पिकाचा नवा हंगाम.

२/ चौकशीचे मूळ लंडनमध्ये होते. मद्यपानविरोधी चळवळीतील खासदार विल्यम केन यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत हा विषय उपस्थित केला. गांजामुळे माणसे वेडी होतात आणि गुन्हे करतात, असा समज तेव्हा इंग्लंडात बळावत होता. त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

३/ बंगाल प्रांतात गांजाची परवानाप्राप्त लागवड एका लहानशा टापूत एकवटली होती. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमा जिथे भिडतात, तो हा ‘गांजा महाल’. नौगाव हे त्याचे केंद्र. आज ते बांगलादेशात आहे. भांगेचे झाड तर हिमालयाच्या पायथ्याशी रानोमाळ आपोआप उगवते. मग गांजासाठी एवढासाच टापू का?

४/ या प्रश्नाचे उत्तर रोपवाटिकेपासून सुरू होते. गांजाचे बी थेट शेतात न टाकता आधी वाफ्यात रोपे तयार केली जात. त्यासाठी उंचावरची, हलकी, रेताड पोयट्याची जमीन निवडत. ऐन पावसाळ्यात पाणी साचले, तर कोवळी मुळे कुजतात. वाफ्यावर झाडाची सावलीही चालत नसे. पेरणीच्या कितीतरी आधीपासून ही जमीन पुन्हा पुन्हा नांगरून भुसभुशीत केली जाई.

५/ पेरणीला कोरडा, उन्हाचा दिवस बघत. बी हाताने फेकून पेरत. आडोशाला वाढवलेली रोपे एकदम उन्हात नेली की माना टाकतात. त्यांना थोडे थोडे ऊन-वारा दाखवून काटक करावे लागते. नौगावच्या शेतकऱ्यापुढे ती अडचण नव्हती, कारण त्याचे रोप पहिल्या दिवसापासून उघड्या आभाळाखालीच वाढे. त्याला भीती होती ती पावसाची.

६/ सप्टेंबरच्या मध्याला पावसाचा जोर ओसरू लागला, की लावणी सुरू होई. तोवर रोप साधारण ६ ते १२ इंचांचे झालेले असे. शेतात शेणखत घालून, वरंबे ओढून तयारी झालेली असे. एकेक रोप उपटून वरंब्यावर काही इंचांच्या अंतराने हाताने लावायचे. भाताच्या लावणीसारखेच हे काम, पण इथे पाय चिखलात नसत. पाणी निचरून जाणे महत्त्वाचे होते.

७/ या वेळापत्रकामागे एक गोष्ट होती, जिचे शास्त्रीय स्पष्टीकरण अजून मिळायचे होते. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली, की या झाडाला फुलोरा येतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियन तूर्नवा यांनी १९१२ च्या सुमारास याच जातीच्या झाडांवर प्रयोग करून दिवसाची लांबी आणि फुलोरा यांचा संबंध दाखवला. नौगावचा शेतकरी त्याआधीपासून ऋतू पाहून नेमकी तीच वेळ साधत होता.

८/ लावणीनंतर वरंबे खणून भुसभुशीत करणे, शेणखत आणि पेंड घालणे, खालच्या फांद्या छाटणे ही कामे ओळीने येत. खरी कसोटी मात्र त्यानंतर होती. भांगेच्या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. मादीच्या फुलाला पराग मिळाला नाही, तर त्यात बी न धरता चिकट राळ साचत जाते. गांजा म्हणजे हाच राळयुक्त, बिनबियांचा फुलोरा.

९/ म्हणून प्रत्येक नर झाड पराग सुटण्यापूर्वी उपटावे लागे. लावलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघणार, हे लावणीच्या वेळीच ठाऊक असे. कोणती, हे कोणालाच ठाऊक नसे. ज्या रोपाला खत-पाणी घातले, त्यातले निम्मे दोन-तीन महिन्यांनी उपटून फेकायचे, हा या शेतीचा नियमच होता.

१०/ नर ओळखणे हे खास कसबी माणसाचे काम. त्याला ‘परखदार’ किंवा ‘पोद्दार’ म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नाव ‘गांजा डॉक्टर’ ठेवले. फूल उमलण्याआधीची बारीक खूण पाहून तो ओळींतून फिरत नर झाडे काढून टाकी, आणि काही दिवसांनी पुन्हा फेरी घाली. थोडे नर नजरेतून सुटले, तरी सगळ्या शेतात बी धरे आणि मालाचा भाव पडे.

११/ पराग वाऱ्यावर उडतो. त्याला बांध अडवत नाही. शेजाऱ्याने कुचराई केली, तर नुकसान दोघांचे. त्यामुळे जिथे सर्वांनाच ही शेती नीट येते, तिथेच ती टिकते. नौगावचा टापू लहान राहण्यात सरकारी परवान्याइतकाच या कसबाचाही वाटा होता. १८७७ मध्ये हेमचंद्र केर यांनी आणि १८९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी आपापल्या अहवालांत या लागवडीची तपशीलवार नोंद केली.

१२/ सरकारला हे सोयीचेच होते. लागवडीसाठी परवाना घ्यावा लागे, उभ्या पिकाची पाहणी होई, तयार माल परवान्याशिवाय हलवता येत नसे आणि त्यावर कर बसे. हाताने लावलेली रोपे ठराविक शेतांत असतात, म्हणून ती मोजता येतात. रानात उगवलेल्या भांगेची अशी मोजदाद करायची कोणी?

१३/ आयोगाने नेमका हाच फरक हेरला. भांग म्हणजे मुख्यतः पाने. ती आपोआप उगवणाऱ्या झाडापासूनही मिळते आणि तिच्यावर परिणामकारक बंदी घालणे जवळपास अशक्य. गांजाला मात्र माणसाचा हात लागतो, म्हणून त्याची लागवड ठराविक क्षेत्रात ठेवता येते. नियंत्रणाचा सारा डोलारा अशा रीतीने शेतकऱ्याच्या मेहनतीवर उभा होता.

१४/ वेडाच्या आरोपाचीही छाननी झाली. १८९२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण तपासल्यावर ९८ च उरली, आणि त्यांतल्या ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणेही होती. अनेकदा पोलिसांनी ऐकीव माहितीवर लिहिलेले कारण इस्पितळाच्या वहीत जसेच्या तसे उतरले होते.

१५/ १,१९३ जणांच्या साक्षी झाल्या. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे गांजा पिके. त्या इलाख्याचीही चौकशी झाली. ऑगस्ट १८९४ मध्ये, म्हणजे पुढच्या पेरणीच्या महिन्यात, अहवाल पूर्ण झाला. माफक सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते; म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे, असा त्याचा निष्कर्ष होता. बंदी आली, तर लोक दारू किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील, ही भीतीही त्यामागे होती.

१६/ नौगावचे पीक वाचले. १९१७ मध्ये तिथल्या गांजा उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या पैशातून शाळा आणि दवाखानेही चालले. मात्र १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर दिवस पालटले. बांगलादेशात १९८० च्या दशकात ही लागवड थांबली. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला.

१७/ त्या भारतीय कायद्यातली गांजाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्याशिवायची बी आणि पाने त्यातून वगळलेली. पान आणि फुलोरा यांतला हा भेद नौगावच्या शेतकऱ्याला कोणत्याही कायद्याच्या आधी ठाऊक होता. पान रान देते. फुलोऱ्यासाठी वाफा, लावणी आणि परखदाराची नजर लागते. इतिहासाच्या दफ्तरात आयोगाच्या सदस्यांची नावे राहिली. परखदारांची कला मात्र पिकाबरोबरच त्या शेतांतून निघून गेली.