बीडीडी चाळी : खोलीकडून घराकडे

मुंबईच्या गिरणगाव परिसरात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२० च्या दशकात कामगारांसाठी उभारलेल्या वसाहती म्हणजे बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील या चाळींत प्रत्येक बिऱ्हाडास १६० चौरस फुटांची एकच खोली मिळे. शौचालये मात्र सामायिक. यांपैकी पहिल्या तीन वसाहतींचा पुनर्विकास ‘म्हाडा’ने हाती घेतला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या मालकी हक्काच्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. जागेची अडचण दूर झाली. परंतु उत्तुंग इमारतीच्या देखभालीचा खर्च पेलला, तरच मूळ रहिवासी येथे टिकतील आणि व्हरांड्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला शेजारही.