वाऱ्यावरच्या ठिणग्या : न्यूटनच्या पतंगापासून केरळच्या वाळूपर्यंत

आजचा एपिसोड एका अगदी छोट्या वस्तूवर आहे. पतंगाला अडकवायचं एक जोडखेळणं. पुढे पंखा, मागे एक खरखरीत चाक, आणि त्या चाकाला टेकलेला लायटरमधल्यासारखा चकमकीचा खडा. वारा पंखा फिरवणार, चाक खड्यावर घासणार आणि रात्रीच्या आकाशात तुमच्या पतंगातून ठिणग्या पडणार. बॅटरी नाही, वात नाही, काडेपेटी नाही. ऐकायला भारी वाटतं ना?

मला या खेळण्यापेक्षा त्याच्या आतल्या गोष्टी जास्त इंटरेस्टिंग वाटतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादं छोटं पॅकेज उघडलं की बघतो, हे कुणाकुणावर अवलंबून आहे? मग एकाखाली एक लायब्ररी निघत जाते आणि शेवटी कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी पोचतो आपण. या ठिणगीचंही तसंच आहे. इंग्लंडमधला एक शाळकरी मुलगा, कोळशाच्या खाणी, व्हिएन्नाचा एक केमिस्ट आणि आपल्या केरळचा काथ्या, एवढा सगळा प्रवास आहे. चला.

आधी रात्रीचा पतंग. आपल्या शेजारी, अहमदाबादला उत्तरायणाच्या रात्री 'तुक्कल' उडवतात, हे तुम्ही रील्समध्ये तरी पाहिलं असेल. पांढरा पतंग उंच स्थिर करायचा आणि त्याच्या दोरीला ओळीने कागदाचे कंदील बांधत सोडायचे. पतंग दिसतच नाही, दिसते ती अंधारात तिरकी लटकलेली दिव्यांची माळ. आपल्याकडे येवल्याला संक्रांतीला तीन दिवस आसारी घेऊन अख्खं गाव गच्चीवर असतं, पण रात्रीच्या पतंगाची खरी हौस गुजरातची, हे मान्य करायला हवं.

युरोपात ही हौस जरा आगाऊ होती. १६३४ साली लंडनमध्ये जॉन बेट नावाच्या माणसाचं एक पुस्तक आलं. यंत्रं, चित्रकला, दारूकाम, सगळी कारागिरी एकात. त्यात एक चित्र आहे : चौकोनी पतंग आणि त्याच्या लांब शेपटीला बांधलेले फटाके. तो त्याला आगीचा ड्रॅगन म्हणतो. हळू जळणारी वात लावायची, पतंग वर सोडायचा आणि खाली उभं राहून मजा बघायची. जळता पतंग कुणाच्या गवताच्या छपरावर पडला तर काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कुणाला पडलेला दिसत नाही.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत ग्रँथमच्या शाळेतला एक मुलगा होता, आयझॅक न्यूटन. त्याच्या लहानपणीच्या नोंदवहीत बेटच्या पुस्तकातून उतरवून घेतलेले उतारे आहेत. विल्यम स्टकली हा न्यूटनचा मित्र. त्याने पुढे ग्रँथमच्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्याच्या लहानपणच्या गोष्टी गोळा केल्या. त्यात हे येतं, की हिवाळ्यात पहाटे अंधारात शाळेत जायला हा मुलगा कागदाचा घडीचा कंदील करायचा आणि रात्री तोच कंदील पतंगाच्या शेपटीला बांधून उडवायचा. गावकऱ्यांना वाटलं, धूमकेतू आला! बाजाराच्या दिवशी दारू पिता पिता लोक त्याचीच चर्चा करत होते म्हणे. पुढे ज्याच्या गणिताने धूमकेतूंचा मार्ग काढता आला, त्याने आधी खोटा धूमकेतू सोडून गाव घाबरवलं होतं. याच मुलाने जवळच बांधली जाणारी पवनचक्की बघून तिचं मॉडेल केलं, कापडाची शिडं लावून ते छपरावर ठेवलं, आणि वारा नसेल तेव्हा आत उंदीर घालून फिरवलं. म्हणजे पतंग, उजेड आणि वाऱ्यावर फिरणारं चाक, तिन्ही गोष्टी एकाच पोराच्या हातात होत्या. ठिणगी तेवढी राहिली.

ती ठिणगी चाकावर कुणी आणली? तर खाणवाल्यांनी. इथे गोष्ट खेळण्याची राहत नाही.

चकमक आपल्याला माहीत आहे. एका हातात गारगोटी, दुसऱ्या हातात पोलादाचा तुकडा, आणि ठिणगी झेलायला कापूस. (मराठीत छोट्या लढाईलाही आपण चकमकच म्हणतो.) यात जळते ती गारगोटी नाही, जळतं पोलाद. दगडाची धार लोखंडाचा बारीकसा कण खरवडून काढते, घासण्याने तो तापतो आणि हवेत जळतो. आता हीच क्रिया चाकावर न्या. उत्तर इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या कोळसा खाणींचा व्यवस्थापक कार्लाइल स्पेडिंग याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'स्टील मिल' बनवली. हँडल फिरवलं की दात्यांमुळे पोलादाची छोटी चकती जोरात फिरायची, तिच्यावर गारगोटी दाबून धरायची, की ठिणग्यांचा फवारा. आणि त्या फवाऱ्याच्या उजेडात माणसं कोळसा खणायची.

हो, ठिणग्यांच्या उजेडात. कारण खाणीत मिथेन असायचा आणि मेणबत्ती नेली की स्फोट. ठिणगीने मिथेन पेटत नाही, असा समज होता. हे यंत्र चालवायला बहुतेक वेळा एखादा मुलगा असायचा. यंत्र छातीला बांधून तो तासन्‌तास हँडल फिरवत बसणार, आणि बाकीचे त्या लुकलुकत्या उजेडात काम करणार. हवेत गॅस वाढला की ठिणग्यांचा रंग आणि आकार बदलतो, त्यावरून अनुभवी लोक धोका ओळखायचे. म्हणजे एका अर्थाने तो मुलगा सेन्सरही होता. फक्त सेन्सरने वॉर्निंग दिल्यावर पळायला किती वेळ मिळेल, याची गॅरंटी नव्हती.

स्पेडिंग स्वतः १७५५ साली खाणीतल्या गॅसच्या स्फोटात गेला. १७८५ साली वॉल्सेंडच्या खाणीत झालेल्या स्फोटाचं कारण थेट स्टील मिलच्या ठिणग्या असल्याचं दिसलं. तरी यंत्र चालूच राहिलं, कारण दुसरा पर्याय काय? अंधार. १८१२ च्या फेलिंग खाणीच्या स्फोटात ९२ माणसं आणि मुलं मेली, त्यानंतर जोर लागला आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा सुरक्षित दिवा काढला. आपण शाळेत डेव्हीचा दिवा एका ओळीत शिकतो. त्याच्या आधी पाऊणशे वर्षं पोरांनी ठिणग्या फिरवल्या होत्या, हे त्या ओळीत नसतं.

आता थोडं केमिस्ट्री, पण कंटाळा येणार नाही, शब्द देतो.

पोलाद आणि गारगोटीची ठिणगी पाडायला ताकद लागते. पतंगावरच्या पंख्याला ते झेपणार नाही. त्यासाठी सोपी ठिणगी हवी होती आणि ती आली कचऱ्यातून. ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. यानेच गॅसबत्तीचं मेंटल शोधलं. आजी-आजोबांना विचारा : लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात, जत्रेत जी सूं सूं आवाज करणारी गॅसबत्ती असायची, तिच्यातली ती पांढरी जाळी, 'मेंटल'. १८९१ पासूनच्या यशस्वी मेंटलमध्ये ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं. हे दोन्ही मिळतात मोनाझाइट नावाच्या वाळूत. गडबड अशी, की त्या वाळूत थोरियम थोडं आणि सेरियम व त्याची भावंडं ढीगभर. थोरियम काढून घेतल्यावर उरलेल्या ढिगाचं करायचं काय?

आउअरने त्या उरलेल्या धातूंत साधारण ३० टक्के लोखंड मिसळलं. लोखंडामुळे मऊ धातू कडक आणि ठिसूळ झाला आणि खरवडला की भुरभुर ठिणग्या. सेरियमचा बारीक कण दीडशे-पावणेदोनशे अंशांना पेट घेतो, त्यामुळे नुसत्या अंगठ्याच्या घासण्याने काम होतं. १९०३ साली त्याने पेटंट घेतलं. आज सिगारेट लायटरमध्ये, वेल्डिंगवाल्याच्या लायटरमध्ये जो 'दगड' असतो, तो दगड नाहीच, तो हा मिश्रधातू. सेरियम सापडलं १८०३ मध्ये आणि त्याला नाव दिलं दोन वर्षं आधी दिसलेल्या सेरेस या आकाशस्थ गोलावरून. बरोबर शंभर वर्षांनी त्याची ठिणगी झाली. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला आवडतो.

आणि वाळू कुठली? आधी मुख्यतः ब्राझीलची. मग १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन केमिस्टला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू दिसली. काथ्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा, पायपुसण्यांचा! त्या वाळूत मोनाझाइट होतं. त्याने माग काढत मनवलाकुरिची गाठलं (आज ते तामिळनाडूत, कन्याकुमारी जिल्ह्यात येतं) आणि तिथून वाळू युरोपात जायला लागली. पहिल्या महायुद्धात हा धंदा जर्मनांच्या हातून ब्रिटिशांकडे गेला. पुढे अणुबॉम्बनंतर थोरियमकडे बघायची जगाची नजरच बदलली. १९५० मध्ये सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली आणि १९५२ मध्ये केरळात अलुवाला कारखाना सुरू झाला. तिचं मुख्यालय आपल्या मुंबईत, प्रभादेवीला आहे. आज सगळे चीनच्या रेअर अर्थ्सबद्दल बोलतात. त्या गटातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सापडणारी मंडळी म्हणजे हा सेरियम परिवार, आणि तो शंभर वर्षांपूर्वी लोकांच्या खिशात पोचला होता.

खिशातून तो खेळण्यात गेला. १९३० च्या दशकात अमेरिकेत लुई मार्क्सच्या कंपनीने चावीचे पत्र्याचे रणगाडे आणि रॉकेटं काढली, ज्यातून चालताना ठिणग्या उडायच्या. युद्धानंतर जपानी पत्र्याच्या खेळण्यांतही तेच. आमच्या गावच्या जत्रेत मी लहानपणी अंगठ्याने दाबायची पत्र्याची चक्री घेतली होती, तिच्या खिडकीला लाल-हिरवा चकचकीत कागद आणि मागे खर्रर्र करत उडणाऱ्या ठिणग्या. हात लावला तरी भाजत नाही, याचं तेव्हा नवल वाटायचं. ठिणगीचं तापमान सुमारे ३००० अंशांपर्यंत जातं, पण कण इतका सूक्ष्म की त्यात एकूण उष्णता नगण्य. फुलबाजीचं उलट : तिची तार विझल्यावरही पोराचा पाय भाजते.

तर आता पतंगावर परत. हे चालेल का? मी गणित करून बघितलं. १५ सेंटीमीटर व्यासाचा पंखा, वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. पंख्यातून जाणाऱ्या वाऱ्यात एकूण ताकद सव्वा वॅटच्या आसपास. छोटा प्लास्टिकचा पंखा त्यातला फार तर पाचवा भाग पकडणार, म्हणजे पाव वॅट. लायटरवर अंगठा मारताना आपण क्षणभर का होईना, साधारण एक वॅट लावतो. म्हणजे खडा लायटरसारखा दाबला तर पंखा जागचा हलणारच नाही. स्प्रिंग अगदी हलकी हवी, चाक बारीक खरखरीत हवं, आणि मग अधूनमधून चार ठिणग्या. पण वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते. वारा दुप्पट, ताकद आठपट. ताशी २९ किलोमीटर वाऱ्यात तोच पंखा एक वॅट देतो आणि खेळणं एकदम जिवंत होतं. त्यातही गंमत अशी, की सूर्यास्तानंतर जमीन थंड होते आणि जमिनीलगतचा वारा पडतो. गच्चीवर काहीच नाही आणि वर पतंग तणतणतोय, हा अनुभव तुम्हाला असेल. म्हणजे ठिणगी पडेल, पण उंचावर, आणि तिथून ती खाली तुम्हाला जेमतेम दिसेल.

आमच्या भागात संक्रांत येते तेव्हा डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी आणली, तरी तो दर जानेवारीत गळे कापतोच. त्यात खाली येता येता ठिणग्या पाडणारा पतंग मी तरी माझ्या भाच्याच्या हातात देणार नाही. अंधाऱ्या गच्चीत हातात धरून फिरवायचं भिरभिरं म्हणून मात्र नक्की देईन. तिथे ठिणगी जवळून दिसते आणि वारा कमी पडला तर धावता येतं.

बाकी पतंगांचं म्हणाल तर अहमदाबादच्या तुक्कलमध्ये आता मेणबत्तीच्या जागी बरेच जण एलईडी लावतात. पांढरा एलईडी आतून असतो निळा. त्याच्यावर पिवळ्या पावडरीचा थर असतो, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. त्या पावडरीत ज्या धातूचा अंश मिसळलेला असतो, त्याचं नाव सेरियम.