पाचशे रुपयांत चांदोबा

आज बोलायचंय ते 'चांदोबा'बद्दल आणि एका हट्टाबद्दल. एका प्रकाशकाने मराठीत काढलेला मासिकाचा प्रत्येक अंक जमवायचा, आणि तोही पेन्शनमधून महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढून. हा हट्ट माझा आहे. पण आज मला माझ्यापेक्षा त्या प्रकाशकाची गोष्ट जास्त सांगायची आहे, कारण सगळे अंक जमवायला लागल्याशिवाय ती मलाही नीट कळली नव्हती.

मी राहतो चेन्नईत, नुंगंबाक्कमला. २०१४ साली मुलीच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. घरातून निघून कोडंबाक्कमचा रेल्वेपूल ओलांडला आणि आर्काट रोडने सरळ गेलं, की येतं वडपळणी. रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं, गर्दी असेल तर विचारू नका. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली तो चांदोबा या वडपळणीत छापला जायचा. मद्रासचा पत्ता प्रत्येक अंकात असे. पण लहानपणी पत्ता कोण वाचतो? माझ्या कितीतरी मित्रांना चांदोबा पुण्याचा वाटायचा, काहींना मुंबईचा.

प्रकाशक दोघं. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. नागी रेड्डी कडप्पा जिल्ह्यातले, छपाईच्या धंद्यातले. चक्रपाणी तेनालीचे, लेखक माणूस; शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या बंगालीतून तेलुगूत आणणारे. या जोडीने जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात, तेलुगू 'चंदमामा' काढला. पाठोपाठ तमिळ 'अंबुलिमामा', मग कन्नड, हिंदी, आणि १९५२ साली मराठी 'चांदोबा'. याच जोडीचा विजया नावाचा चित्रपटांचा उद्योगही होता. 'पाताळ भैरवी' आणि 'मायाबजार' हे त्यांचेच सिनेमे. राक्षस, मांत्रिक, उडते गालिचे आणि राजकन्या यांचा पडद्यावरचा आणि कागदावरचा कारखाना एकाच मालकीचा होता, हे लक्षात आलं की चांदोबातली चित्रं वेगळी दिसायला लागतात. आता त्या स्टुडिओच्या जागेवर मोठा मॉल उभा आहे.

मासिक कसं तयार व्हायचं ते बघा. मूळ मजकूर तेलुगूत. कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतले मोठे कथाकार १९५२ पासून १९८० साली त्यांचं निधन होईपर्यंत संपादनाचा गाडा ओढत होते. लांबलचक, अद्भुत मालिका लिहायचे दासरी सुब्रह्मण्यम. चित्रकार म्हणजे 'चित्रा', 'वपा' आणि शंकर. वपा म्हणजे वड्डादि पापय्या. मुखपृष्ठांवरचे ते मऊ, ओलसर रंग त्यांचे. शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि मान मागे वळवलेला विक्रम राजा, हे चित्र त्यांचं. २०२० साली, ९६व्या वर्षी ते इथे चेन्नईतच गेले. संस्कृतातल्या मूळ वेताळकथा पंचवीस. त्या संपल्यावर मासिकाने थांबायला हवं होतं, पण वाचक थांबू देईनात. मग नव्या कथा रचून वेताळ पुढे कित्येक दशकं दर महिन्याला झाडावर परत जात राहिला.

चित्रं सगळ्या भाषांना एकच. चौकटीतलं चित्र जिथल्या तिथे, आणि त्याच्याभोवतीची जागा भाषेनुसार भरायची. तेलुगूतलं वाक्य मराठीत लांबलं तरी पान लांबत नाही. चांदोबाच्या मराठीची ती आखूड, नेटकी वाक्यं मला वाटतं अर्धी तरी त्या चित्रांच्या चौकटींनी घडवली आहेत. आणि त्यातली गावं आणि माणसं! कुठल्याच तालुक्यात न सापडणारी नावं, घरांपुढे खांबांच्या पडव्या, बायकांची लुगडी आपल्याकडची नाहीत. तरी एकाही मराठी मुलाने 'हे कुठलं' असं विचारलं नाही.

आता जमवण्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, चांदोबा म्हणजे काही कॉमिक्स नव्हे. बरोबर. बोलण्याचे फुगे नाहीत, चौकटीपुढे चौकट नाही. पण जमवणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच कुळातला आहे, आणि कुळातल्या इतरांशी ताडून पाहिलं तर त्याची अडचण कळते. 'इंद्रजाल कॉमिक्स' घ्या. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ ते १९९० काढलेली, मराठीत ज्याला वेताळ म्हणत तो फँटम त्यांचा नायक. अंकांना क्रमांक आहेत, एकूण आठशेच्या वर. म्हणजे 'सगळं' म्हणजे किती हे ठरलेलं. पण भाव असे, की माझ्यासारख्याने लांबूनच नमस्कार करावा. 'अमर चित्र कथा' १९६७ पासून अनंत पै यांनी चालवली आणि ती सतत पुन्हा छापली जाते. पैसे मोजा, संच घरी येतो. तमिळमध्ये शिवकाशीचं 'मुत्तु कॉमिक्स' १९७२ पासूनचं. जुन्या अंकांसाठी इथली तमिळ मंडळी एकमेकांशी काय भांडतात ते ऐकण्यासारखं असतं. मला ते भांडण आवडतं, कारण भांडायला मुळात माल असावा लागतो.

चांदोबाचं उलटं आहे. स्वस्त आहे, पण मिळत नाही. मासिक घरात यायचं, चार घरं फिरायचं, आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने जायचं. मी गणित मांडलं. १९५२ पासून १९९८ पर्यंत दरमहा एक, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास अंक. १९९८ला कामगारांच्या वादातून प्रकाशन वर्षभर थांबलं. पुन्हा सुरू झालं, २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने ते विकत घेतलं, आणि २०१२-१३च्या सुमारास कायमचं थांबलं. सगळे मिळून आकडा सातशेच्या घरात जातो.

आणि इथे नुंगंबाक्कमला राहण्याची गंमत. जिथे अंक छापले गेले तिथे मराठी अंक नाहीतच! छापले आणि गेले. मूर मार्केट ही मद्रासची जुन्या पुस्तकांची मोठी जागा. १९८५च्या आगीत ती जळली. पण ती असती तरी तिथे मराठी चांदोबा कशाला सापडेल? इथल्या रद्दीत अंबुलिमामा सापडतो, तेलुगू चंदमामा सापडतो. मराठी गठ्ठे सोलापूर-पुण्याकडे गेले, बहुधा त्याच मद्रास-मुंबई लोहमार्गाने, ज्याने आता माझे अंक उलटे परत येतात. सोलापूरला माझा मावसभाऊ आहे. तो गोळा करतो, आणि इकडे येणाऱ्या कुणाच्याही बॅगेत दोन किलो कोंबतो. सोलापूर सोन्यासारखं ठिकाण आहे बरं का. तिथल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. एका गठ्ठ्यात मराठी चांदोबा आणि तेलुगू चंदमामा एकाच दोऱ्याने बांधलेले मिळाले, एकाच घरातले. आजी एक वाचत असेल, नातू दुसरा.

पाचशे रुपयांत हे कसं बसवायचं? पहिलं म्हणजे देखणा अंक मागायचा नाही. मुखपृष्ठ नसलेला, कडा कुरतडलेला, शाईने मिशा काढलेला अंक वीस-तीस रुपयांना मिळतो. तोच कोरा असला की दीडशे. मिशांना माझी हरकत नाही. वाचनालयांनी काढून टाकलेले बांधीव खंड सगळ्यात स्वस्त पडतात, कारण शिक्के असल्याने शौकीन लोक ते घेत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात दुपारी उशिरा जावं, विक्रेता आवरायला लागल्यावर. आणि ज्या महिन्यात काही मिळालं नाही त्या महिन्याचे पाचशे पुढच्या महिन्यात जमा. हा एक नियम पाळला म्हणून मी तगलो.

मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचा महिना कसा ओळखायचा, यात मात्र चेन्नई कामी आली. चित्रं एकच, म्हणून तमिळ अंक ही माझी किल्ली. तिरुवल्लिकेणीच्या फुटपाथवर अंबुलिमामा स्वस्तात मिळतो. माझ्या फाटक्या मराठी अंकातलं वेताळकथेचं चित्र घ्यायचं आणि तमिळ अंकात तेच चित्र शोधायचं. साठ-सत्तरच्या दशकातल्या माझ्या अंकांत बहुतेक वेळा महिना जुळतो. मग मालिकेचा भाग बघायचा, दोन छायाचित्रांना जोडशीर्षक द्यायच्या स्पर्धेचा निकाल बघायचा. तीन खुणा पटल्या की पेन्सिलने महिना लिहायचा. या पद्धतीने मी चाळीसेक अनाथ अंकांना जन्मतारीख दिली. मला तमिळ वाचता येत नव्हतं. महिन्यांची नावं आणि आकडे तेवढे शिकलो, आणि त्या नादात अक्षरंही आली.

चित्र जुळवत बसलो असताना एक गोष्ट मात्र बोचायला लागली. शंकर, वपा, चित्रा यांचं काम वाचलं आहे. तेलुगू वाचकांनी जुने अंक स्कॅन करून मोठ्या प्रमाणात जमवले आहेत. चित्रं तीच, म्हणून मराठीतला एखादा अंक समूळ नष्ट झाला तरी त्यातलं चित्र जगात कुठेतरी आहे. मराठी मजकूर मात्र फक्त मराठी अंकात आहे. आणि तो कुणी लिहिला? माझ्याकडच्या अंकांत मला कुठेही मराठी अनुवादकाचं नाव छापलेलं दिसलेलं नाही. तेलुगू कथा मराठीत आणून, चित्राच्या बाजूच्या जागेत नेमकी बसवून, दर महिन्याला, वर्षानुवर्षं काम करणारी ही माणसं. ज्या मराठीत आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी पहिलं सलग वाचन केलं, ती त्यांची. तिची दुसरी प्रत कुठल्याच भाषेत असणार नाही.

'किशोर'चं बरं आहे. ते बालभारतीचं, १९७१ पासूनचं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने सगळ्यांसाठी खुले करून ठेवले आहेत. चांदोबाला असा पालक उरला नाही. विकत घेणारी कंपनी कर्जात बुडाली, २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला, आणि मासिकाचं संकेतस्थळही पुढे बंद पडलं.

हे डोक्यात बसलं तेव्हा मी पाचशे रुपये खर्चायची रीत बदलली. कोल्हापूरच्या एका संग्राहकाकडे पन्नासच्या दशकातले दोन बांधीव खंड होते. किंमत नऊ हजार, म्हणजे माझे अठरा महिने. मी म्हटलं, विकत नको. मला तुमच्याकडे बसून वाचू द्या. चार दिवस बसलो, रोज दुपारी त्यांच्या वहिनींचा चहा. प्रत्येक कथेचं मराठी शीर्षक, पान, मालिकेचा भाग, चित्रकाराची सही आणि भाषेतल्या वेगळ्या वाटलेल्या जागा वहीत उतरवून घेतल्या. नऊ हजारांचं काम जाण्या-येण्याच्या भाड्यात झालं. खंड त्यांचे, नोंद माझी. आता मी दोन याद्या ठेवतो, एक माझ्या कपाटातल्या अंकांची आणि दुसरी डोळ्यांनी पाहिलेल्यांची. कुठल्या काळात 'परंतु' जाऊन 'पण' आलं, कुठल्या वर्षी वाक्यं एकदम लांबली, हे त्या वहीत दिसायला लागलं आहे. हात बदलल्याच्या या खुणा असाव्यात. नावं नाही कळली तरी, निदान किती हात होते याचा अंदाज येईल अशी आशा आहे.

आज कपाटात ४३१ अंक आहेत. पाहून नोंदवलेले आणखी ५८. सत्तर आणि ऐंशीची दशकं जवळजवळ भरली. १९५२ ते १९५५ मधले हाताशी आणि वहीत मिळून फक्त ११. पहिला अंक अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. दुसरी मोठी फट शेवटची आहे, २००८ नंतरची. गंमत म्हणजे हे नवे अंक जुन्यांपेक्षा अवघड, कारण ते कुणी जपलेच नाहीत. माळ्यावर कधी चढलात तर बघा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, महिना आपण शोधून काढू.